दाण्यापासून व्रणापर्यंत

शेती कधी सुरू झाली, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक भारदस्त उत्तर मिळाले. गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ मध्ये ‘नवाश्मयुगीन क्रांती’ची कल्पना मांडली आणि ती रूढ झाली. क्रांती म्हटली की तिला जागा आली, काळ आला, आधीचे आणि नंतरचे जग वेगळे पाडणारी रेघ आली. गंमत अशी की तेव्हा खुद्द पिकांचा पुरावा फारसा कोणाच्या हाती नव्हता. विळ्याची दगडी पाती, पाटे-वरवंटे, मातीची भांडी यांवरून शेतीचा अंदाज बांधला जाई. पण विळ्याने रानगवतही कापता येते आणि पाट्यावर रानदाणाही भरडता येतो. वेचलेले कोणते आणि पेरलेले कोणते, हे धान्यालाच विचारावे लागते. त्या धान्यपुराव्याचा मागोवा घेतला, तर दिसते ते असे: पुरावा जसजसा बारीक होत गेला, तसतसा शेतीच्या सुरुवातीचा तो एक क्षण विरत गेला.

पहिली अडचण दाणे मिळवण्याचीच होती. धान्य कुजते, चुलीत पडून कोळसा झालेला दाणा मात्र हजारो वर्षे टिकतो. रॉबर्ट ब्रेडवुड यांनी इराकमधील जार्मो येथे १९४८ पासून उत्खनन केले आणि हान्स हेलबेक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथला गहू आणि सातू ओळखला, तेव्हा दाणे हा मुख्य पुरावा ठरू लागला. नैर्ऋत्य इराणमधील अली कोश इथली गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९६१ च्या हंगामानंतर उत्खनकांनी लिहिले की इथे वनस्पतींचे अवशेष तुरळक आहेत. १९६३ मध्ये तीच माती त्यांनी पाण्यात कालवली, वर तरंगलेला काळा गाळ चाळणीने उचलला आणि त्यातून सुमारे ४०,००० बिया निघाल्या. टेकाड तेच होते, बदलली होती ती फक्त शोधण्याची रीत. दाणे मिळू लागले तरी त्यांचे वय हा वेगळाच पेच होता. इजिप्तमधील वाडी कुब्बानिया येथील सातू १७-१८ हजार वर्षांपूर्वीचा असल्याचा दावा १९७९ मध्ये झाला. पुढे प्रत्यक्ष दाण्यांचेच कार्बनमापन झाल्यावर ते फार अलीकडचे, वरच्या थरांतून खाली घसरलेले निघाले. तेव्हापासून थराच्या वयावरून दाण्याचे वय सांगणे जोखमीचे मानले जाते.

तिसरी पायरी दाण्याहूनही लहान गोष्टीची आहे. रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप सुटी होते आणि दाणे जमिनीवर गळतात. रानात वंश टिकायचा तर तेच सोयीचे. माणसाने पेरलेल्या गव्हाची ओंबी मळणीपर्यंत धरून राहते. जिथून दाणा सुटला तिथे या फरकाची खूण उरते: रानटी वाणात गुळगुळीत व्रण, मळलेल्यात ओरबाडून तुटलेला. गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० मध्ये हिशेब मांडला की पिकलेल्या ओंब्या विळ्याने कापून तेच बी नव्या जमिनीत पेरत गेले, तर २० ते २०० वर्षांत सगळे पीक न गळणारे होऊ शकते. म्हणजे क्रांती शक्य होती. मात्र २००६ मध्ये तानो आणि विलकॉक्स यांनी सीरिया-तुर्कस्तानातील वेगवेगळ्या काळांच्या वस्त्यांतले व्रण तपासले, तेव्हा हा बदल हजाराहून अधिक वर्षे रेंगाळलेला दिसला.

चीनमधील यांगत्सेच्या मुखाजवळच्या तियानलुओशान इथे हाच प्रकार भाताच्या बाबतीत जवळून पाहता येतो. आपल्याकडे पाणथळीत आपसूक उगवणारे देवभात जसे पिकताच गळते, तसे तिथले रानभात. सुमारे ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीच्या ३०० वर्षांत तिथल्या तुसांच्या देठांवरील ओरबाडलेल्या व्रणांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेले. एकूण वनस्पती-अवशेषांत भाताचा वाटा ८ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर चढला. उरलेल्या ढिगात शिंगाडे, मखाणे आणि ओकची फळे होती. हे लोक भात पेरत होते आणि तळ्यात उतरून शिंगाडेही काढत होते.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. हिरवी लोंबी कापली तरी दाणा ओढून सोडवावा लागतो. मग ओरबाडलेला व्रण लागवडीचाच कशावरून? म्हणूनच तियानलुओशानमध्ये कोवळ्या लोंब्यांच्या खुणा वेगळ्या मोजल्या गेल्या. वर दिलेली टक्केवारी त्या वगळून आहे. दुसरा आक्षेप असा की चुलीपर्यंत पोहोचले तेवढेच टिकते, कंदमुळे तर क्वचितच हाती लागतात. आहारात कशाचा वाटा किती, हे ठरवताना हा आक्षेप खरा आहे. पण गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या भाताचे देठ एकाच पदार्थाचे असतात. आग किंवा चिखल त्यांच्यात पक्षपात करत नाही, त्यामुळे त्यांचे आपसातले प्रमाण सहसा बिघडत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत रोचक आहे: २०० वर्षांत होणाऱ्या गोष्टीला हजार वर्षे का लागावीत? हिलमन-डेव्हिस यांच्या हिशेबाला काही अटी होत्या. लोक पीक पिकण्याआधीच कापत असतील, पिकलेले दाणे टोपलीत झोडून घेत असतील किंवा पीक बुडाल्यावर रानातून पुन्हा बी आणत असतील, तर न गळणाऱ्या वाणाला वरचढ होण्याची संधीच मिळत नाही. म्हणजे हिशेब आणि उत्खनन यांतली तफावत हाच लोकांच्या वागण्याचा पुरावा ठरतो.

महाराष्ट्रात हा संथ बदल दिसत नाही, त्यालाही कारण आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात मिळालेला सातू पश्चिम आशियात आधीच माणसाळलेला होता. इथे तो तयार पीक म्हणूनच आला. दक्षिणेकडच्या कुळीथ-मुगाची कथा वेगळी आहे, पण कडधान्यांच्या शेंगांचा असा व्रण सहसा उरत नाही, दाण्याच्या आकारावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक पिकाला एकच पट्टी लावता येत नाही. ‘शेती कधी सुरू झाली’ यापेक्षा ‘कोणत्या पिकाची, किती’ हे विचारणे अधिक फलदायी ठरते. तियानलुओशानच्या आकड्यांतून ६० वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला, तर एका माणसाच्या हयातीत न गळणारे दाणे शंभरात दोन-अडीचने वाढले. क्रांतीच्या मधोमध जगलेल्या त्या माणसाला लोंबी हातात धरूनही काही बदलल्याचे जाणवले नसते.