छातीत जळजळ का होते? सोड्याच्या डबीआधी हे वाचा

अम्मीच्या उशाशी कित्येक वर्षं दोन वस्तू हमखास असायच्या. पाण्याचा तांब्या आणि खाण्याच्या सोड्याची डबी. रात्री साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण आणि एकच्या सुमारास छातीत आग. मग अर्धा चमचा सोडा पाण्यात ढवळून प्यायचा, मोठा ढेकर आला की "बरं वाटलं बेटा" म्हणून झोपायचं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे गोळी चालू असूनही ब्लडप्रेशर खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि डबीची गोष्ट बाहेर आली. सोड्यातही मिठासारखंच सोडियम असतं. म्हणजे दिवसभर आळणी जेवण आणि रात्री सोडा! फसफसणाऱ्या पुड्यांमध्येही बहुतेक हाच सोडा असतो.

आपण सरसकट "पित्त झालं" म्हणतो. खरं तर पित्त यकृतात तयार होतं. छाती जाळतं ते जठरातलं आम्ल, म्हणजे ॲसिड. ते वाईट नाही. त्याच्यामुळे अन्न पचतं, जंतू मरतात. जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, म्हणून त्याला काही होत नाही. अन्ननलिकेला मात्र तसा थर नसतो. या दोघांच्या मध्ये स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ती सैल पडली किंवा नको तेव्हा उघडली की ॲसिड वर येतं. म्हणजे बहुतेक वेळा ॲसिड जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगते, बाटली अर्धी भरलेली असली आणि झाकण सैल असलं, तरी आडवी केली की सांडणारच.

आता झाकण सैल का होतं ते पाहा. पोट गच्च भरलं की आतून दाब वाढतो. वलीम्याची बिर्याणी, तर्रीचं मटण, तळलेलं खाणं जठरात जास्त वेळ राहतं. पोटाचा घेर, गरोदरपण, बिडी-सिगारेट यांनीही त्रास वाढतो. काहींना चहा-कॉफी बाधते. पुदिन्याचं ऐकून नवल वाटेल. आपण तो थंड म्हणून घेतो, पण तो काहींची झडप आणखी सैल करतो. दुखण्याच्या गोळ्या, प्रेशरची आणि दम्याची काही औषधंही कारण असू शकतात. मात्र ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

रमजानमध्ये हे जास्त जाणवतं. इफ्तारला भजी, समोसे, सरबत सगळं एकदम पोटात जातं. त्यापेक्षा खजूर आणि पाणी घेऊन मगरिबची नमाज पढावी, मग सावकाश जेवावं. तरावीहमुळे रात्री आपण बराच वेळ उभे असतो, तो फायदाच. खरी चूक सहेरीला होते. पोटभर पराठे खाऊन फजर झाली की लगेच आडवं. मीही हेच करायचे, आणि पहिल्या तासाला वर्गात घसा जळायचा. आता सहेरी हलकी ठेवते आणि उन्हं येईपर्यंत बसून तिलावत करते.

एरवीही जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू ६ ते ८ इंच वर घ्या. नुसत्या दोन-तीन उशा घेतल्या तर फक्त मान वर होते, पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कमरेपासून वर गादीखाली जाड घड्या घालून उतार करावा. डाव्या कुशीवर ॲसिड कमी वर येतं. उजव्या कुशीवर झोपण्याची सुन्नत पाळणाऱ्यांनाही या उताराचा फायदा होतो. सलवारीचा नाडा सैल ठेवा. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. थंड दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण नंतर जठर पुन्हा ॲसिड सोडतं. लिंबूपाणी आणि व्हिनेगरच्या घरगुती नुस्ख्यांवर माझा विश्वास नाही, जळत्या जागेवर आणखी आंबट कशाला?

मेडिकलमधून स्वतःच आणलेली ॲसिडिटीची गोळी महिनोन् महिने घेऊ नका. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यांतलं काहीही दिसलं तर अजिबात थांबू नका.

आणि छातीत दाब, घाम, दम लागणं, डावा हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर "गॅस असेल" म्हणत सोडा शोधत बसू नका. साखरेचा आजार असलेल्यांना आणि बायकांना हार्ट ॲटॅकमध्ये कधीकधी फक्त जळजळ, मळमळ किंवा थकवाच जाणवतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन लावा.