गृहीत संमती : ‘नाही’ म्हटलं नाही, म्हणजे ‘हो’ झालं का?

दरवर्षी ३ ऑगस्टच्या, म्हणजे भारतीय अवयवदान दिनाच्या सुमारास एक प्रश्न हमखास पुढे येतो. स्पेनसारखा कायदा आपल्याकडे का नाही? मरणारा प्रत्येक जण अवयवदाता आहे असं धरून चालायचं आणि ज्याला नको असेल त्यानं जिवंतपणी तसं नोंदवून ठेवायचं, अशी ही कल्पना. तिला गृहीत संमती म्हणतात. २०२३ मध्ये आपल्या १४० कोटींच्या देशात मृत्यूनंतर अवयवदान केलेल्यांची संख्या १,०९९ होती. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून घेणाऱ्या माणसाला या प्रश्नाची घाई असणं साहजिक आहे. मलाही ती आहे. पण या कायद्याबद्दलचे जे समज आपल्याकडे पसरले आहेत, त्यातले बरेचसे तपासून पाहिले की टिकत नाहीत.

गैरसमज : स्पेन जगात पहिला आहे तो या कायद्यामुळे.

स्पेनचा कायदा १९७९ चा. तो झाल्यावर दहा वर्षं फारसं काही घडलं नाही. १९८९ मध्ये तिथे दर दहा लाख लोकांमागे जेमतेम १४ दाते होते. त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. राफाएल मातेसान्झ तिचे प्रमुख झाले. कायद्याला हात न लावता त्यांनी रुग्णालयांच्या कामाची पद्धत बदलली. अवयवदानाची जबाबदारी असलेला समन्वयक प्रत्येक मोठ्या रुग्णालयात नेमला, आणि तो बहुतेक ठिकाणी अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर होता. मेंदूला गंभीर इजा झालेला कुठला रुग्ण दगावतो आहे, याची त्याला रोज माहिती असे. वाईट बातमी कशी सांगायची, नातेवाइकांना सावरायला वेळ कसा द्यायचा आणि मग दानाचा विषय कसा काढायचा, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. या कामाचा खर्च रुग्णालयाला मिळू लागला. २०२३ मध्ये स्पेनचा आकडा दहा लाखांमागे ४८ च्या पुढे गेला होता.

कायदा काहीही म्हणो, स्पेनमध्ये कुटुंबाला दर वेळी विचारलं जातं, आणि ते नको म्हणालं तर अवयव काढत नाहीत. मातेसान्झ यांनी स्वतः २०१० साली दोन ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की, गृहीत संमतीची चर्चा मूळ कामावरून लक्ष उडवते. स्पेनचं उदाहरण देणाऱ्यांनी निदान स्पेनच्या माणसाचं ऐकावं.

अमेरिकेत गृहीत संमती नाही. तिथे होकार नोंदवावा लागतो. तरीही २०२३ मध्ये तिथे मृत्यूपश्चात दाते १६ हजारांहून अधिक होते, म्हणजे लोकसंख्येच्या मानानं स्पेनच्या जवळपास. बल्गेरिया आणि ग्रीसमध्ये गृहीत संमतीचा कायदा असूनही दाते अगदी मोजके.

गैरसमज : ऑस्ट्रियात ९९ टक्के लोक अवयवदान करतात, जर्मनीत १२ टक्के.

हे आकडे एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांच्या २००३ सालच्या लेखातले. भाषणांत ते फार फिरतात. पण ते प्रत्यक्ष दानाचे नाहीत. ऑस्ट्रियातले ९९ टक्के म्हणजे नकाराचा फॉर्म न भरलेले लोक. त्यांना अवयवदान हवंच होतं, असं त्यावरून कळत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांना दाता होण्याची वेळही कधी येणार नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंड देता येतं ते अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना आलेल्या मृत्यूत, आणि असा मृत्यू शंभरात एखाद्याला येतो. घरी अंथरुणात गेलेल्या आजोबांचे डोळे आणि त्वचा देता येते, यकृत नाही. म्हणून खरा प्रश्न त्या शंभरातल्या एका मृत्यूच्या वेळी रुग्णालय जागं होतं का, हा आहे.

गैरसमज : असा कायदा आला की कुटुंबाला कोणी विचारणारच नाही.

सिंगापूरमध्ये हे बऱ्याच अंशी खरं आहे. १९८७ च्या तिथल्या कायद्यात आज २१ वर्षांवरचे नागरिक आणि कायम रहिवासी आपोआप येतात, आणि नकार नोंदवणाऱ्याला स्वतःला अवयव लागला तर तो प्रतीक्षायादीत मागे जातो. पीआर घेऊन तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही हे लागू आहे.

युरोपात मात्र बहुतेक ठिकाणी कुटुंबाला विचारतात. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून गृहीत संमती आहे. अठरा वर्षांखालची मुलं, तिथे वर्षभरही न राहिलेले आणि निर्णय घेण्याची मानसिक क्षमता नसलेले लोक तिच्यातून वगळले आहेत. बाकीच्यांच्या बाबतीतही परिचारिका नातेवाइकांपाशी बसून बोलते. गोची तिथेच होते. गेलेल्या माणसानं स्वतः होकार नोंदवलेला असेल, तर दहातली नऊ कुटुंबं मान्य करतात. नुसतीच ‘गृहीत’ संमती असेल, तर घरचे म्हणतात, ‘त्यांनी कधी काही बोलूनच दाखवलं नाही, आम्ही कसं ठरवणार?’ युनायटेड किंगडममध्ये इंग्लंडच्या कायद्याच्या सुमारास शंभरातली ६८-६९ कुटुंबं हो म्हणत होती. तीन-चार वर्षांत ते प्रमाण ६१ च्या आसपास उतरलं. कोविडचा त्यात वाटा असेल, पण कायद्यानं ते वर गेलं नाही एवढं नक्की.

वेल्समध्ये आधी वेगळं घडलं होतं. तिथे १ डिसेंबर २०१५ ला कायदा लागू झाला आणि होकाराचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून तीन वर्षांत ७५ च्या आसपास गेलं. पण कायदा लागू होण्याआधी दोन वर्षं तिथलं सरकार लोकांशी या विषयावर बोलत होतं, घरोघरी पत्रकं पाठवत होतं. माझ्या मते वेल्सचा फरक या बोलण्यात आहे.

इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या दक्षिण आशियाई लोकांत मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यांना वाटही जास्त पाहावी लागते. आणि वांशिक अल्पसंख्याकांत कुटुंबाच्या होकाराचं प्रमाण मात्र निम्म्याहून कमी आहे. तिथल्या नोंदणीत आपल्या श्रद्धेविषयी, विधींविषयी कुटुंबाशी बोलावं, असं लिहून ठेवायची सोय आहे. ते फार कमी जणांना माहीत असतं.

गैरसमज : नाव दात्यांत असलं की डॉक्टर प्रयत्न सोडतात.

ही भीती खोलवर आहे आणि तिला हसून चालणार नाही. आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूस्तंभ (ब्रेन स्टेम) मृत झाल्याचं चार डॉक्टर ठरवतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही त्यांत नसतो. डोळ्यात बॅटरीचा झोत टाकून बाहुली बघतात, बुबुळाला कापसाचा स्पर्श करतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी श्वासाची चाचणी. व्हेंटिलेटर काढतात, नळीतून नुसता ऑक्सिजन देतात, आणि डॉक्टर उघड्या छातीकडे बघत उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मेंदूस्तंभात जराही जीव असता, तर एवढ्यात त्यानं श्वास घ्यायला लावलाच असता. काही मिनिटं जातात, छाती हलत नाही. रक्ताचा नमुना तपासतात, व्हेंटिलेटर पुन्हा जोडतात, आणि किमान सहा तासांनी हे सगळं पहिल्यापासून करतात. कोमात गेलेला माणूस परत येऊ शकतो. या चाचण्यांतून गेलेला येत नाही.

अडचण अशी की, आपल्याकडे मेंदूस्तंभ मृत्यूला कायदेशीर मान्यता मिळाली ती अवयवदानाच्या कायद्यातून. कुटुंब नको म्हणालं, तर पुढे काय करायचं याबद्दल डॉक्टर चाचरतात, आणि तोच व्हेंटिलेटर चालू राहतो. बघणाऱ्याला वाटतं, दान दिलं असतं तर ‘मेला’ होता, नाही दिलं तर ‘जिवंत’ आहे. हा गोंधळ तसाच ठेवून वर संमतीही गृहीत धरली, तर संशय वाढेल. ब्राझीलनं १९९७ मध्ये असा कायदा केला. धास्तावलेल्या लोकांनी ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असा शिक्का मारून घ्यायला रांगा लावल्या. १९९८ संपायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली.

गैरसमज : डोनर कार्ड पाकिटात आहे, म्हणजे झालं.

‘नोटो’ या आपल्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीनं काही मिनिटांत नोंदणी होते, जरूर करावी. जिवंतपणी साक्षीदारांसमोर दिलेली लेखी संमती कायद्यानं ग्राह्य आहे. तरीही प्रत्यक्षात नातेवाईक हो म्हटल्याशिवाय आपल्याकडे कोणी पुढे जात नाही. ज्या घरात आईच्या डोळ्यांविषयी, आपल्या मूत्रपिंडाविषयी जेवताना एकदा तरी विषय निघालेला असतो, तिथे तो प्रश्न पहिल्यांदाच कानावर पडत नाही. अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून देतात, अंत्यदर्शन होतं, नेहमीचे विधी होतात. धर्माचा अडसर सांगितला जातो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

सरकारनं आज काय करावं, असं मला कोणी विचारलं तर गृहीत संमतीचं विधेयक माझ्या यादीत खाली येईल. १९९४ च्या कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनं अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांवर नातेवाइकांना अवयवदानाचा पर्याय सांगण्याची जबाबदारी टाकली आहे. प्रत्यारोपण होत नसलेल्या रुग्णालयांनाही नोंदणी करून अवयव काढून देता येतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या ते यादीनुसार वाटतात. जिल्ह्याच्या रुग्णालयात नातेवाइकांशी हे बोलणारा प्रशिक्षित, पगारी समन्वयक असणं ही पहिली गरज.

आणि आपले बरेच दाते अपघातातले असतात. म्हणजे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. रात्री दोन वाजता भाऊ बाहेरच्या बाकावर बसून एकच विचारतो, ‘बॉडी कधी मिळणार?’ गावाकडे लोक खोळंबलेले असतात. तिथे ‘उद्या दुपारी’ असं उत्तर मिळालं, की ओठांवर आलेला होकार मागे फिरतो. २०१४ च्या नियमांत अशा प्रकरणांत पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्याशी वेळेत संपर्क साधायची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२१ पासून केंद्रानं सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी देताना अवयवदानाच्या प्रकरणांना प्राधान्य दिलं आहे. त्यासाठी नवा कायदा नको. शवागारात चांगला उजेड, चित्रीकरणाची सोय आणि रात्रपाळीला हजर असलेला डॉक्टर लागतो.