मैदानापासून गुणपत्रिकेपर्यंत

शालेय क्रीडास्पर्धांचे नियंत्रण राज्य शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे असते. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांतील खेळाडू तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढतात. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. मात्र त्यासाठीचा प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवावा लागतो. मुदत टळली, तर मैदानावर कमावलेले गुण गुणपत्रिकेवर उतरत नाहीत. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील पालकांना जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग दूर पडते. म्हणून प्रवेशिका व प्रमाणपत्रे जपण्याचे दायित्व वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींसाठी आम्हीच पालकाच्या नात्याने उचलले पाहिजे. पालकांनी जन्माचे दाखले जूनमध्येच शाळेकडे द्यावेत. माजी विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्यास हातभार लावावा, ही विनंती.