चिलखताचं गणित

ज्यांच्या घरात दहा ते वीस वयाची मुलं आहेत त्यांना बंद दाराआडून येणारा तलवारींचा खणखणाट आणि माउसची अखंड टकटक नवी नाही. या खेळांना आपण सरसकट ‘मारामारीचे गेम’ म्हणतो. मी इथल्या शाळेत गणित शिकवते, आणि गेली काही वर्षं मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसते. जे पाहिलं त्यावरून सांगते, या मारामारीत मारण्यापेक्षा मार कसा सोसायचा, याचाच विचार जास्त असतो. हा लेख त्या सोसण्याबद्दल आहे.

आमच्या घरी खेळला जातो तो ‘पाथ ऑफ एक्झाइल’. हा गेम आपल्याच ऑकलंडचा, हे अनेकांना माहीत नसेल. ग्राइंडिंग गिअर गेम्स ही कंपनी २००६ साली इथे सुरू झाली. २०१३ मध्ये तिने हा गेम बाजारात आणला आणि तो जगभर गेला. खेळायला पैसे पडत नाहीत. गोष्ट आहे हद्दपार केलेल्या माणसांची. रेक्लास्ट नावाच्या भयाण प्रदेशाच्या किनाऱ्यावर माणूस येऊन पडतो, अंगावर धड कपडेही नसतात, आणि तिथून पुढे जगायचं असतं. आपण इथे विमानाने आणि स्वखुशीने आलो, एवढाच फरक!

वाटेत राक्षस मारायचे, त्यांच्याकडून पडलेली शस्त्रं, बूट, शिरस्त्राणं, चिलखतं उचलायची, त्यातली चांगली घालायची. अशा खेळांना अॅक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. प्रत्येक वस्तूवर आकडे असतात, आणि खरा खेळ त्या आकड्यांचा असतो.

“एवढं चिलखत होतं तर मेला कसा?”

गेल्या वर्षी माझी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. त्याच काळात मुलाचा एक योद्धा मेला. तो ‘हार्डकोर’ प्रकारात खेळत होता, म्हणजे एकच जीव. मेलात की तो योद्धा साध्या प्रकारात ढकलला जातो, हार्डकोरमध्ये त्याला परत येता येत नाही. चार आठवड्यांची मेहनत, ९२ वी पातळी, आणि एका राक्षसाने उडी मारून एकच घाव घातला. तेवढ्यात सगळं संपलं.

पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही की बोललं नाही. आईने तिच्या पद्धतीने विचारलं, “अरे, अंगावर एवढं चिलखत होतं म्हणालास ना? मग मेला कसा?”

मी मनात म्हटलं, झालं, आता हा चिडणार. पण त्याने आजीला स्क्रीनसमोर बसवलं आणि तासभर समजावून सांगितलं. दोन दिवसांत त्याने तोंड उघडलं ते या प्रश्नाने. ते उत्तर माझ्या शब्दांत पुढे देते.

लहान घाव, मोठा घाव

आपली समजूत अशी की चिलखत म्हणजे ठरावीक सूट. पन्नास टक्के चिलखत असेल तर प्रत्येक घाव निम्मा. या गेममध्ये तसं नाही. चिलखत किती अडवणार हे समोरून येणाऱ्या घावाच्या आकारावर ठरतं. सूत्र साधं आहे. घावाची पाचपट करा आणि तिच्यात चिलखताचा आकडा मिळवा. या बेरजेत चिलखताचा जितका वाटा, तितका भाग अडतो.

चिलखत ५,००० आहे असं धरू. १,००० चा घाव आला तर पाचपट ५,०००, बेरीज १०,०००, म्हणजे निम्मा घाव अडला. १०० चा आला तर सूत्राने नव्वद टक्क्यांच्या वर जातं, पण ९० ही कमाल मर्यादा आहे, म्हणून आत पोचतात फक्त १०. आणि ५,००० चा घाव आला तर? पाचपट २५,०००, बेरीज ३०,०००, त्यात चिलखताचा वाटा एक षष्ठांश. म्हणजे ४,००० हून जास्त सरळ आत.

थोडक्यात, चिलखत किरकोळ माराला उत्तम आणि ज्या घावाची खरी भीती त्यालाच सगळ्यात दुबळं. पावसाच्या सरीत छत्री पुरते, वादळात उलटी होते, तसंच हे.

आता मुलाच्या योद्ध्याचा हिशेब. त्याचा प्राण, म्हणजे लाइफ, ४,००० होता आणि चिलखत १०,०००. चिलखत नसतं तर ४,००० चा घाव त्याला संपवू शकला असता. चिलखत असल्यामुळे ही हद्द किती वाढली? वहीत वर्गसमीकरण मांडलं तर उत्तर येतं सुमारे ५,४६४. चिलखत दुप्पट, म्हणजे २०,००० केलं असतं तरी हद्द जेमतेम ६,४७२ झाली असती. त्या उडीचा घाव चिलखताच्या हद्दीपलीकडचा होता. हे आकडे काढून देणारा ‘पाथ ऑफ बिल्डिंग’ नावाचा मोफत प्रोग्राम खेळाडूंनीच बनवलेला आहे. मुलाकडे तोच उघडा होता.

शेवटच्या टक्क्याची किंमत

चिलखत फक्त शस्त्राच्या आणि आदळण्याच्या घावांना चालतं. आग, थंडी आणि वीज यांच्यासाठी वेगळी ढाल असते. तिला मुलं ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. इथे मात्र सरळ टक्केवारी आहे. घाव लहान असो की मोठा, ७५ टक्के रेझिस्टन्स असेल तर पाऊणभाग जातो आणि पाव आत येतो. सर्वसाधारण कमाल मर्यादा ७५. खास वस्तू वापरून ती ९० पर्यंत नेता येते, त्यापुढे नाही.

गेम इथे एक खोडीही काढतो. पाचवा अंक संपला की तिन्ही रेझिस्टन्समधून ३० वजा होतात, दहावा संपला की आणखी ३०. काल पुरत होतं ते आज पुरत नाही. तिथे नवखी मुलं पटापट मरतात आणि म्हणतात, “गेम अचानक अवघड झाला.” गेमने फक्त त्यांची ढाल पातळ केलेली असते.

हे उदाहरण मी वर्गात वापरते. विचारते, “रेझिस्टन्स शून्यावरून पाचवर नेणं आणि ७५ वरून ८० वर नेणं, यात फरक काय?” बरीच मुलं म्हणतात, “दोन्हीकडे पाचच.” मग फळ्यावर आत येणारा मार लिहायचा. पहिल्यात १०० चे ९५ झाले, वीसातला एक भाग वाचला. दुसऱ्यात २५ चे २० झाले, पाचातला एक भाग वाचला. ९० पर्यंत गेलात तर आत येतात फक्त १०, म्हणजे ७५ वाल्याच्या निम्म्याहून कमी. अडलं किती यापेक्षा उरलं किती हे पाहायचं. पाठ्यपुस्तकातल्या सवलतीच्या सेलपेक्षा हे मुलांना लवकर कळतं, कारण इथे चूक झाली की जीव जातो.

चार थर

मुलाने आजीला शेवटी चार शब्दांत सांगितलं. चुकवणं, कमी करणं, सोसणं आणि भरून काढणं.

चुकवणं म्हणजे घाव लागूच न देणं. चपळ योद्धे जड चिलखताऐवजी हलके चामडी कपडे घालतात आणि वार चुकवतात. चारातले तीन वार चुकले तरी चौथा पूर्ण बसतो, त्याला काही सूट नाही. गंमत म्हणजे हे चुकवणं निव्वळ नशिबावर सोडलेलं नाही. गेम आतल्या आत हिशेब ठेवतो, त्यामुळे ओळीने भरपूर वार बसण्याचं दुर्दैव सहसा ओढवत नाही. मंत्रांचे हल्ले मात्र याने चुकत नाहीत.

कमी करणं म्हणजे वर सांगितलेलं चिलखत आणि रेझिस्टन्स. सोसणं म्हणजे प्राणाचा साठा किती खोल आहे ते. बुद्धीवर चालणाऱ्या योद्ध्यांना प्राणाच्या वर ‘एनर्जी शील्ड’चं आवरण असतं. दोन सेकंद मार बसला नाही की ते आपोआप भरू लागतं. पण विषारी स्वरूपाचा ‘केऑस’ मार या आवरणाला वळसा घालून थेट प्राणाला भिडतो.

भरून काढणं म्हणजे औषधाच्या कुप्या, दर सेकंदाला थोडा थोडा परतणारा प्राण, शत्रूला मारून मिळवलेला प्राण. हा थर सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यात फसवा. एका घावात साठाच संपला तर भरून काढायला कुणी उरत नाही.

आई शांतपणे म्हणाली, “म्हणजे एका गोष्टीवर भिस्त ठेवायची नाही.” प्रतापगडाच्या गोष्टीतलं अंगरख्याखालचं चिलखत आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलं आहे. त्या दिवशी महाराजांकडे वाघनखंही होती, बिचवाही होता, आणि जंगलात दबा धरून बसलेलं सैन्यही होतं. आईने नातवाला तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी तो मोबाइलकडे न बघता ऐकत होता.

दुसऱ्या घरांतले गेम

तुमच्या घरी वेगळा गेम चालत असेल तर नियमही वेगळे असतील. कागद-पेन्सिलीवर आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये पायंडा पाडला, की चिलखतामुळे घाव लागण्याची शक्यताच कमी होते. २००० सालच्या ‘डायब्लो २’ने तोच विचार उचलला. तिथला बचावाचा आकडा शस्त्राचा वार लागेल की नाही हे ठरवतो, लागलेला वार हलका करत नाही. शिवाय धावत असाल तर तो बचाव धरलाच जात नाही. घाबरून पळणाऱ्याला जास्त मार बसतो.

२०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये वजनाचा प्रश्न आहे. अंगावरचा भार तुमच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली असेल तर कोलांटी चपळ लागते, ७० च्या वर गेला की माणूस पोत्यासारखा पडतो. कोलांटीच्या सुरुवातीला क्षणभर कोणताही घाव लागत नाही. त्यामुळे जाड लोखंड घालायचं की तो क्षण राखायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

या दिवाळीत विचारून पाहा

मुलाने नवा योद्धा सुरू केला आहे, पुन्हा हार्डकोरच. या वेळी चिलखत पूर्वीपेक्षा कमी आहे, प्राण जास्त, आणि शस्त्राच्या घावाचा काही भाग आगीचा म्हणून घेणारी एक वस्तू त्याने मिळवली आहे. त्या भागाला मग चिलखताऐवजी रेझिस्टन्स लागू होतो. जिथे ढाल भक्कम आहे तिथे घाव वळवायचा, ही युक्ती त्याने स्वतः शोधली.

तास किती, झोप किती, अभ्यास किती, हे नियम आमच्याकडेही आहेत आणि त्यावरून वादही होतात. पण ‘किती वेळ खेळलास?’ या प्रश्नाला आजवर एकशब्दी उत्तरच मिळालं आहे. भारतातल्या आजी-आजोबांना, मावशी-काकांना मी तीन दुसरे प्रश्न सुचवते. तुझी आग, थंडी, वीज पंच्याहत्तरला पोचली का? एका घावात किती सोसशील? आणि मागच्या वेळी कशाने मेलास? तिसरा प्रश्न विचारायचा असेल तर हाताशी चहा आणि चकली घेऊन बसा, कारण उत्तर लांबतं.