काँगो लोकांची काष्ठशिल्पे आणि त्यांचे ढोल

यूरोप व अमेरिकेतील मोठ्या वस्तुसंग्रहालयांत आफ्रिकेच्या दालनात एक विशिष्ट प्रकारची लाकडी मानवमूर्ती आढळते. तिचा एक हात भाला फेकण्याच्या आवेशात उगारलेला असतो, पोटावर आरशाचा तुकडा बसविलेला असतो आणि सर्वांगात लोखंडी खिळे व पाती ठोकलेली असतात. 'जादूची वस्तू' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून यूरोपीयांनी अशा मूर्तींना 'फेटिश' म्हटले आणि रानटी अंधश्रद्धेचा पुरावा म्हणून त्या मांडल्या. ही समजूत मूर्तीला तिच्या परिसरापासून तोडल्यामुळे झाली. त्या परिसरात ढोलाचे स्थान काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

काँगो हे नदीचे नाव म्हणून आपणांस परिचित असले, तरी ते एका लोकसमूहाचेही नाव आहे. हे लोक नदीच्या मुखाच्या दोन्ही बाजूंस, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक व अंगोला या तीन देशांत राहतात. त्यांची भाषा किकाँगो. पोर्तुगीज तेथे पोहोचले तेव्हा त्यांचे राज्य नांदते होते. १४९१ मध्ये तेथील राजाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तथापि पूर्वापार विधी लोप पावले नाहीत.

या मूर्तींना किकाँगोत 'न्किसी' म्हणतात. शिल्पकाराने खोडातून कोरलेली आकृती मात्र न्किसी नव्हे. तोवर ते केवळ लाकूड असते. विधी जाणणारा वैद्य, ज्याला 'न्गांगा' म्हणतात, तो तिच्या पोटातील किंवा मस्तकातील पोकळीत औषधी द्रव्ये भरतो. त्यांत थडग्यावरील माती आणि मृतांच्या लोकाचा रंग मानली जाणारी पांढरी माती असते. काही द्रव्यांची निवड तर त्यांच्या नावाचे एखाद्या क्रियापदाशी ध्वनिसाम्य असते म्हणून होते. ज्या कार्यासाठी न्किसी सिद्ध करावयाची, ते कार्य द्रव्याच्या नावातच ऐकू यावे, हा हेतू. त्यानंतर पोकळी बंद केली जाते.

खिळे ठोकलेल्या प्रकारास 'न्कोंडी' म्हणतात. हा शब्द शिकारीच्या क्रियापदावरून आला आहे. शपथ मोडणाऱ्याचा माग काढणे हे न्कोंडीचे काम. दोन पक्षांत करार झाला, तंटा मिटला वा शपथ घेतली गेली, की एक खिळा ठोकीत. म्हणजे ज्या खिळ्यांत परकीयांना क्रौर्य दिसले, ते वस्तुतः त्या समाजाचे न्यायदप्तर होते.

ही शक्ती मौनात जागृत होत नसे. स्वीडिश मिशनरी कार्ल लामान यांनी १९१५ च्या सुमारास किकाँगो भाषक शिक्षकांकडून त्यांच्या चालीरीतींविषयी वह्या लिहवून घेतल्या. अनेक न्किसींच्या वर्णनांत द्रव्यांबरोबर त्यांची गाणी, नृत्य, पथ्ये आणि वाद्येही सांगितली आहेत. ढोलास 'न्गोमा' म्हणतात. बांटू कुळातील अनेक भाषांत हाच शब्द ढोल, गीत, नृत्य आणि रोगनिवारणाचा विधी या सर्वांस लागू पडतो. गुजरातेतील सिद्दी लोकांच्या नृत्याचे 'गोमा' हे नाव याच शब्दकुळातील आहे. मात्र ते पूर्व आफ्रिकेतून आले. ज्या भाषेत वाद्य व उपचार यांस एकच शब्द आहे, तेथे वाजविणे ही करमणूक आणि बरे करणे हे निराळे काम, असा भेद करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारी, अधिकारी व मिशनरी यांनी या मूर्ती हस्तगत केल्या. १८७८ मध्ये बोमाजवळ अलेक्झांडर देलकोम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने ने कुको नामक मुखियाची न्कोंडी बळाने नेली. पुढे ती बेल्जियममधील तेर्वुरेनच्या संग्रहालयात जमा झाली. मूर्ती नेणाऱ्याने लाकूड व लोखंड नेले. गाणी आणि ढोलाचे ठेके नेण्याची त्यास गरज वाटली नाही.

अटलांटिकपलीकडे नेमका उलट प्रकार घडला. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांस मूर्ती बरोबर नेणे शक्य नव्हते, परंतु ठेका स्मरणात राहिला. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी उठाव झाला. त्यातील अनेकजण काँगो राज्यातून आलेले असावेत, असे इतिहासकार मानतात. उठाववाले ढोल वाजवीत चालले होते. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तेथील कायद्याने गुलामांस ढोल, शिंगे व मोठ्या आवाजाची वाद्ये वापरण्यास मनाई केली. ढोल माणसांना एकत्र आणतो, हे मळेवाल्यांनी ओळखले होते.

सारांश, संग्रहालयात दिसते ती न्किसी नव्हे, तिचा अवशेष होय. वायट मॅकगॅफी यांनी लामानसंग्रहातील वह्यांचे भाषांतर करून १९९१ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांस त्या लोकांचेच शब्द उपलब्ध झाले आहेत. या मूर्ती मूळ देशी परत कराव्यात काय, हा प्रश्न आज चर्चेत आहे. त्याचा विचार करताना केवळ काष्ठाची मोजदाद पुरेशी नाही. मूर्तीभोवती जमणारा समाज, त्याची शपथ आणि त्याचा ढोल यांचाही हिशेब त्यात धरला पाहिजे.