पायाचा अंगठा आणि खेळाडूचे पुनरागमन

इतवारीत मस्कासाथच्या बाजूने धान्याची हातगाडी ढकलणारा हमाल आपण रोजच पाहतो. गाडी जड झाली की तो पुढे वाकतो, मागच्या पायाची टाच उचलतो आणि सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या एका सांध्यावर घेतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच सांधा आहे. धावपटूची, कबड्डीपटूची, मल्लाची झेप तेथूनच निघते, आणि तरीही तो दुखावला म्हणजे आपण सहज म्हणून जातो, "अंगठाच तर आहे!"

साध्या चालण्यात शरीराच्या वजनाचा सुमारे ४० ते ६० टक्के भार ह्या सांध्यावर येतो. धावताना तो वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि धावत येऊन मारलेल्या उडीत आठपटीपर्यंत जाऊ शकतो. एवढा भार पेलण्यासाठी सांध्याच्या तळाशी एक जाड, चिवट पट्टी असते आणि तिच्याशी जखडलेली दोन बारकी हाडे असतात. पाश्चात्त्य वैद्यांनी त्यांना तिळावरून नाव दिले. आकाराने ती तिळाहून बरीच मोठी असतात ही गोष्ट निराळी! गुडघ्याची वाटी जे काम करते तेच ती येथे करतात. स्नायूच्या ओढीला कप्पीसारखा टेकू देतात.

आता असे समजा की चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावला आहे, टाच उचललेली आहे, अंगठा मॅटवर खिळलेला आहे, आणि त्याच क्षणी मागून दोघे त्याच्या पायावर कोसळले. अंगठा वरच्या अंगाने मर्यादेबाहेर वळतो आणि तळाची पट्टी ताणते, अर्धवट फाटते किंवा पार तुटते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बॉवर्स आणि मार्टिन ह्यांनी १९७६ साली ह्या दुखापतीला 'टर्फ टो' हे नाव दिले. टणक कृत्रिम मैदान आणि लवचिक तळाचा बूट ही जोडी त्यांना तिच्या मुळाशी दिसली. योगायोग असा की त्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. त्या पराभवाची चर्चा आपण खूप केली; नव्या मैदानाने पायाकडून काय मागितले ह्याची फारशी केली नाही. आपली कबड्डीही आता मातीवरून मॅटवर आली आहे. माती पायाला थोडे घसरू देते. मॅट त्याला धरून ठेवतो.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. विश्रांती, ताठ तळाचा बूट आणि चिकटपट्टी ह्यांनी भागते. पट्टी पूर्ण तुटली, ती बारकी हाडे जागा सोडून मागे सरकली किंवा सांधा खिळखिळा झाला, तरच शल्यवैद्य ती पुन्हा शिवतात. दोन्ही पायांची क्ष-किरण छायाचित्रे शेजारी ठेवली की हाडांचे हे सरकणे पुष्कळदा उघड दिसते.

खरी कसोटी टाके घातल्यानंतर लागते, कारण येथे दोन धोके परस्परांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. अंगठा लवकर वर वाकवला तर शिवण ताणते. अजिबात हलवला नाही तर सांधा आखडतो, आणि आखडलेल्या अंगठ्याने धावणे म्हणजे गंजलेल्या बिजागरीवर दार उघडणे. म्हणून पहिला आठवडा-दीड आठवडा गेल्यावर जाणकाराच्या हाताने अंगठा खालच्या अंगाला हळूहळू हलवतात. वरच्या अंगाला मात्र जपतात. सुमारे चार आठवडे त्या पायावर भार नाही. मग संरक्षक बुटात चालणे, दोन महिन्यांच्या सुमारास तळात ताठ पट्टी घातलेला नेहमीचा बूट, आणि झटापटीच्या खेळात परतणे साधारण तीन-चार महिन्यांनी. पाय पूर्ववत वाटायला सहा महिन्यांपासून वर्षही लागते. मधल्या काळात खेळाडूने लोळत पडावे असे नाही. दंड, पोट, मांड्या ह्यांची मेहनत चालूच ठेवायची असते.

परदेशातील उदाहरणे बोलकी आहेत. पिट्सबर्गचा अमेरिकन फुटबॉलपटू जॅक लँबर्ट ह्याची कारकीर्द १९८४ च्या हंगामात अंगठ्याच्या अशाच दुखापतीने जवळजवळ संपली. पॅट्रिक महोम्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. हंगाम संपलेला होता, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत सात महिने त्याला निवांत मिळाले. जो बरो २०२५ च्या सप्टेंबरात शस्त्रक्रिया होऊन नोव्हेंबरअखेर, म्हणजे दहा आठवड्यांत, मैदानावर आला. परंतु ह्या शेवटच्या उदाहरणाने कोणी हुरळून जाऊ नये. बरोचे मुख्य काम चेंडू फेकण्याचे, आणि त्याच्या पायाशी वैद्य-व्यायामतज्ज्ञांचा ताफा रोज हजर.

आपल्याकडच्या मुलाची गोष्ट वेगळी. पोलिस किंवा रेल्वेतील भरतीची वयोमर्यादा त्याच्या मागे लागलेली असते, स्पर्धेची तारीख पुढे उभी असते, आणि दुखणे थांबले की तो बरा झाला असे घरचे धरून चालतात. दुखणे मात्र शिवण पक्की होण्याच्या पुष्कळ आधी थांबते. म्हणून पंचांगापेक्षा पायाला विचारावे. अंगठा न दुखता वर ५० ते ६० अंशांपर्यंत वळतो काय? एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच वीस-पंचवीस वेळा उचलता येते काय? त्या पायावर लंगडी घालता येते, धावता धावता एकदम दिशा बदलता येते काय?

ह्या परीक्षा मुलगा ज्या पादत्राणांत आणि ज्या पृष्ठभागावर खेळणार असेल तेथेच घ्याव्यात. कबड्डीचा बूट पातळ तळाचा असतो. त्यात ताठ पट्टी नीट बसते की नाही हे मोच्याला दाखवून आधीच पाहून घ्यावे. लाल मातीतल्या अनवाणी मल्लाला तर बूटच नाही. त्याच्या अंगठ्याला आधार चिकटपट्टीचाच, आणि ती घामाने व मातीने सुटते. म्हणून त्याला आखाड्यात उतरवताना आणखी काही आठवडे धरूनच चालावे लागते.