ई जीवनसत्त्व : चिरकारी विकारांतील पूरक मात्रा

ई जीवनसत्त्व हे वनस्पतिज तेले, तेलबिया व धान्यांचे अंकुर यांत आढळणारे मेदविद्राव्य (स्निग्ध पदार्थांत विरघळणारे) जीवनसत्त्व आहे. कोशिकापटलातील असंतृप्त वसाम्लांचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण करणे हे त्याचे मुख्य कार्य होय. नेहमीच्या आहारातून मिळणाऱ्या ई जीवनसत्त्वाने अपाय होत असल्याचे आढळलेले नाही. कॅप्सूलमधून मिळणारी मात्रा मात्र तिच्या अनेक पट असते व तिचा विचार औषध म्हणूनच करावा लागतो. मधुमेह, हृद्‌रोग, यकृत व मूत्रपिंड यांचे विकार यांसारख्या चिरकारी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) विकारांनी पीडित असलेल्या व्यक्ती अशी पूरके पुष्कळदा स्वतःहून घेतात. त्यांच्या दृष्टीने सुरक्षित मात्रा कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

इतिहास : हर्बर्ट एव्हान्स व कॅथरिन बिशप यांना १९२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात असे आढळले की, विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भधारणा होते, परंतु गर्भ टिकत नाही. हिरव्या पाल्यातील व गव्हाच्या अंकुरातील एका घटकाने हा दोष दूर होतो. १९३६ मध्ये हा घटक गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आला. प्रसूती व धारण करणे या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याला टोकोफेरॉल हे नाव पडले. १९४० नंतर कॅनडातील शूट बंधूंनी हृद्‌रोगावर मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला आणि हे जीवनसत्त्व सर्वांगीण आरोग्यवर्धक असल्याची समजूत पसरली. पुढील काळातील नियंत्रित चाचण्यांनी तिला पुष्टी दिली नाही.

स्वरूप व एकके : निसर्गात चार टोकोफेरॉले व चार टोकोट्रायइनॉले अशी आठ संयुगे आढळतात. त्यांपैकी आल्फा-टोकोफेरॉल यकृतातील विशिष्ट वाहक प्रथिनामुळे रक्तात टिकून राहते. म्हणून मानवाची गरज त्याच्याच रूपात मोजतात. कृत्रिम आल्फा-टोकोफेरॉलची क्रियाशीलता आज नैसर्गिकाच्या सु. निम्मी धरली जाते. जुन्या पद्धतीचे एक आंतरराष्ट्रीय एकक (आं. ए.) नैसर्गिक प्रकारात ०·६७ मिग्रॅ. व कृत्रिम प्रकारात ०·४५ मिग्रॅ. क्रियाशील आल्फा-टोकोफेरॉलबरोबर असते. वेष्टनावरील आकडा वाचताना एकक व प्रकार या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

आहारातील उपलब्धता : अमेरिकेत प्रौढांची दैनिक गरज १५ मिग्रॅ. धरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये सु. ८ ते १० मिग्रॅ. एवढी मात्रा सुचविली होती. ही गरज किती सहज भागते याचे चांगले उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या आहारात मिळते. कोरडवाहू रब्बी शेतीच्या या भागात करडई ज्वारीच्या जोडीने घेण्याची परंपरा असून, काटेरी असल्यामुळे ती गुरांना अटकाव करण्यासाठी शेताच्या कडेनेही पेरतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर येथील केंद्रात करडईचे भीमा, फुले कुसुमा यांसारखे वाण विकसित झाले आहेत [⟶ करडई]. करडईच्या १०० ग्रॅ. तेलात सु. ३४ मिग्रॅ. आल्फा-टोकोफेरॉल असते, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅ. तेल पोटात गेल्यास सु. १० मिग्रॅ. मिळते. येथील शेंगदाण्याची चटणी प्रसिद्धच आहे. कच्च्या शेंगदाण्यांत १०० ग्रॅ. मागे सु. ८ मिग्रॅ. ई जीवनसत्त्व असते. भाजल्याने त्यातील काही भाग नष्ट होतो. तेल खवट होणे, शुद्धीकरण व पुनःपुन्हा तळण यांमुळेही ते घटते.

याउलट भारतीय बाजारात २००, ४०० व ६०० मिग्रॅ.ची कॅप्सूल मिळतात. कृत्रिम प्रकाराची क्रियाशीलता निम्मी धरली, तरी ४०० मिग्रॅ.च्या एका कॅप्सूलइतके ई जीवनसत्त्व मिळण्यासाठी अर्ध्या किग्रॅ.हून अधिक करडईचे तेल लागेल. आहारातील अनुभवावरून कॅप्सूल निरुपद्रवी मानणे का योग्य नाही, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

पूरकाची खरी गरज : या जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी पित्त, अग्निपिंडाचा स्राव व आहारातील स्निग्ध पदार्थ आवश्यक असतात. त्यामुळे पित्तमार्गाचा दीर्घकालीन अडथळा, अग्निपिंडाचे चिरकारी विकार, लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकणे अशा अवस्थांत खरी न्यूनता उद्‌भवू शकते. तोल जाणे, हातापायांतील संवेदना कमी होणे, स्नायूंची दुर्बलता व दृष्टिदोष ही तिची लक्षणे होत. यकृतातील वाहक प्रथिनाच्या आनुवंशिक दोषात प्रौढांना आयुष्यभर प्रतिदिनी ८०० ते १,५०० मिग्रॅ. द्यावे लागते. अशा रुग्णांत मोठी मात्रा आवश्यक असते व औषध बंद केल्यास तंत्रिका तंत्राला इजा होऊ शकते. रक्तातील पातळी मोजून मात्रा ठरवितात.

विविध विकारांतील अनुभव : (१) हृद्‌रोग व मधुमेह : हृद्‌रोगाचा अथवा मधुमेहासह अन्य धोका असलेल्या ९,००० हून अधिक व्यक्तींवरील ‘होप’ या चाचणीत (२०००) प्रतिदिनी ४०० आं. ए. दिल्याने लाभ झाला नाही. पुढील पाठपुराव्यात (२००५) हृद्‌निष्फलतेचे प्रमाण वाढलेले दिसले. (२) यकृताचे विकार : मधुमेह नसलेल्या, मेदसंचयजन्य यकृतशोथाच्या प्रौढ रुग्णांत ८०० आं. ए. ९६ आठवडे दिल्यावर ४३ टक्के रुग्णांच्या यकृतात सुधारणा आढळली; निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते (२०१०). हा निष्कर्ष मधुमेही किंवा यकृत-सूत्रणरोग (सिरोसिस) झालेल्या रुग्णांना लागू करता येत नाही. (३) मूत्रपिंडाचे विकार : रक्त-अपोहनावरील (डायलिसिसवरील) १९६ रुग्णांच्या चाचणीत ८०० आं. ए. मुळे हृद्‌विकाराच्या घटना कमी झाल्या (२०००). पण एवढ्या लहान चाचणीवरून सरसकट शिफारस करता येत नाही. (४) कर्करोग : ३५,००० हून अधिक पुरुषांवरील चाचणीत ४०० आं. ए. घेणाऱ्यांत अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला (२०११). सात वर्षांत दर हजारी सु. ११ रुग्ण जास्त. विकिरण किंवा रासायनिक चिकित्सा चालू असताना कर्करोगतज्ञाच्या संमतीवाचून हे पूरक घेऊ नये.

रक्तस्रावाचा धोका : मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व रक्तबिंबाणूंचे एकत्र चिकटणे कमी करते व के जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ फिनिश पुरुषांवरील चाचणीत (१९९४) अवघ्या ५० मिग्रॅ. दैनिक मात्रेनेही मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू अधिक आढळले. वॉरफारिनसारखी क्लथनरोधक (रक्त गोठू न देणारी) औषधे किंवा ॲस्पिरीन घेणारे, के जीवनसत्त्वाची कमतरता असलेले, यकृताचे गंभीर रुग्ण आणि पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेले यांना हा धोका विशेष असतो. हिरड्यांतून रक्त येणे, कातडीवर निळेकाळे डाग उमटणे किंवा काळी शौचास होणे ही लक्षणे दिसताच पूरक थांबवून वैद्याकडे जावे. शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढण्यापूर्वीदेखील, पूरक घेत असल्याचे सांगणे जरूर आहे.

मात्रेची मर्यादा : अमेरिकेत निरोगी प्रौढांसाठी पूरकांतील कमाल मर्यादा प्रतिदिनी १,००० मिग्रॅ. ठरविली असून ती मुख्यतः उंदरांतील रक्तस्रावाच्या निरीक्षणांवर आधारलेली आहे. यूरोपात मानवी रक्तक्लथनाच्या अभ्यासावरून ही मर्यादा ३०० मिग्रॅ. धरली आहे. १९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२००५) ४०० आं. ए. व त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण किंचित जास्त आढळले. या निष्कर्षाच्या पद्धतीवर टीका झाली. तथापि दीर्घकाळ मोठी मात्रा घेण्याला त्यातून आधार मिळत नाही, हे निश्चित.

या मर्यादा निरोगी माणसांसाठी आहेत, हे लक्षात ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. रुग्णाच्या बाबतीत मर्यादेहून कमी मात्राही अपायकारक ठरू शकते आणि काही थोड्या रुग्णांना मर्यादेबाहेरची मात्राही द्यावी लागते. म्हणून न्यूनता सिद्ध झालेली नसल्यास चिरकारी विकाराच्या रुग्णाने आहारातील तेल, शेंगदाणे व पालेभाज्या यांवर समाधान मानावे. पूरक द्यायचेच असल्यास ते कोणत्या विकारासाठी, किती मात्रेत व किती काळ द्यावयाचे, हे रुग्णाची चालू औषधे पाहून वैद्याने ठरविणे इष्ट असते. [⟶ जीवनसत्त्वे, रक्तक्लथन].